मसालेभात कोणाच्या आजीचा? झरीच्या चुलीवरून एक इतिहास

'पारंपरिक महाराष्ट्रीयन मसालेभात' असं मोबाईलवर शोधून बघा. शंभर व्हिडिओ येतील आणि ते सगळे एकाच घरात काढल्यासारखे वाटतील. आंबेमोहोर तांदूळ, तोंडली, गोडा मसाला, काजू, वरून ओलं खोबरं, साजूक तुपाची धार, बाजूला मठ्ठ्याची वाटी. खाली लिहिलेलं असतं 'लग्नाच्या पंगतीतला', 'आजीच्या हातचा'. पदार्थ चांगला आहे, आम्हीही खातो. आमचं भांडण पदार्थाशी नाही, त्या दोन शब्दांशी आहे. पारंपरिक म्हणजे कोणाच्या परंपरेचा? कोणाची आजी? आणि त्या लग्नाच्या पंगतीत कोण बसलं होतं, आणि पंगत उठल्यावर मांडवाबाहेर टोपलं घेऊन कोण उभं होतं?

आमचं गाव झरी. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लागतं. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी. इथं भाताची खाचरं नाहीत. परभणीच्या कृषी विद्यापीठानं भाताची वाणंही काढली आहेत, 'प्रभावती' त्यातलंच एक. पण शेतकऱ्याच्या तोंडी या विद्यापीठाचं नाव आहे ते 'परभणी मोती' ज्वारीमुळं आणि 'परभणी क्रांती' भेंडीमुळं. हा भाकरीचा मुलूख आहे. तांदूळ इथं बाहेरून येणारी, विकत घ्यायची वस्तू होती. म्हणून तो सणाला, लग्नाला आणि ज्याच्या हातात रोख पैसा आहे त्याच्याच घरात शिजायचा. बलुत्यात ज्वारीच्या पेंढ्या मिळत, येसकराच्या टोपल्यात भाकरीचे तुकडे पडत. तांदूळ बलुत्यात नव्हता, कारण तो खळ्यावरच नव्हता.

आमच्या आजीचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे. "भात म्हंजे पंगतीचा, न्हाईतर तापाचा." म्हणजे भात दोनदाच खायला मिळायचा. कोणी आजारी पडलं की मूठभर तांदूळ उसना आणून पेज करायची, आणि गावात मोठ्या घरी लग्न झालं की उरलेला आणायचा. त्या उरलेल्या भातावर मसाला कुठला? घरी आणून त्याला तिखट-मीठ लावायचं, असला तर कांदा परतायचा आणि तव्यावर गरम करायचा. आमच्या घरातला पहिला मसालेभात तो. कोणत्याही व्हिडिओत तो सापडणार नाही.

स्वयंपाकाची पुस्तकं बघितली तरी हेच दिसतं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली आलं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि मध्यमवर्गीय घराघरांत पोचली. या बायकांनी मेहनतीनं लिहिलं, त्यांच्या लेखनाला आम्ही नावं ठेवत नाही. पण ज्या घरातलं त्यांनी लिहिलं त्या घरालाच 'महाराष्ट्र' म्हणायची सवय वाचणाऱ्यांना लागली. पुस्तक कोण लिहितं त्यावर परंपरा कोणाची ते ठरतं. शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये पुणे विद्यापीठातल्या स्त्री अभ्यास केंद्रातून 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' हे पुस्तक काढलं तेव्हा, आणि २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं तेव्हा, मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं हे छापील अक्षरात आलं. 'गृहिणीमित्र'पासून मोजलं तर शंभर वर्षं उशिरा.

आपल्यातले काही मित्र यावर लगेच उलटा दावा करतात. भात मूळचा बौद्धांचाच, तो ब्राह्मणांनी पळवला, असा. आधार म्हणून तथागतांच्या वडिलांचं नाव सांगतात. शुद्धोदन म्हणजे ज्याचा ओदन, म्हणजे भात, शुद्ध आहे तो. त्यांच्या भावांच्या नावांतही, शुक्लोदन, अमितोदन, तोच ओदन आहे. सुजातेची खीर तर सगळ्यांना माहीत आहे आणि बुद्ध पौर्णिमेला आपण ती वाटतोच. ही नावं खरी आहेत, शाक्यांच्या तराईच्या प्रदेशात भातशेती होती हेही खरं. पण त्यावरून झरीतल्या महारवाड्याच्या ताटात दोनशे वर्षांपूर्वी भात होता असं सिद्ध होत नाही. नव्हता. आपण इतिहास सांगतो तो खरा असायला हवा, नाहीतर 'आजीच्या हातचा' म्हणणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

आता चुलीकडे येऊ. भात शिजवायचा म्हणजे पहिला प्रश्न तांदळाचा नाही, पाण्याचा आहे. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी. रेशनचा तांदूळ असेल तर अडीच. शिजवायच्या आधी तो दोनदा धुवायचा, अर्धा तास भिजवायचा. पाच माणसांच्या घरात दोन वाट्या तांदळाला धुण्यापासून शिजण्यापर्यंत आठ-दहा वाट्या पाणी सहज जातं. भाकरीचं पीठ मळायला त्या मानानं पाणी फारच कमी लागतं, आणि भाकरी चटणीबरोबर कोरडीही खाता येते. ज्या वस्तीला पाणीच दुसऱ्यानं वरून ओतल्याशिवाय मिळत नव्हतं, त्या वस्तीत भात ही रोजची गोष्ट होऊच शकत नव्हती. अस्पृश्यतेचा इतिहास आपण देवळाच्या पायरीवरून सांगतो. तो पातेल्यातूनही सांगता येतो.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये १९०१ सालचा प्रसंग लिहून ठेवला आहे. रामजीबाबा कोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात मरणाऱ्या लोकांना काम द्यायला सरकार तिथं तलाव खोदत होतं, त्या कामावर. छोटा भीम, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं सातारहून त्यांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली, जात कळली, गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं देऊन गाडी मिळाली ती मुलांनी स्वतः हाकायची. मुलांजवळ खायला भरपूर होतं. पाणी नव्हतं, आणि वाटेत कोणी दिलं नाही. त्या रात्री नाक्यावर ती मुलं भरलेला डबा जवळ असून उपाशी झोपली. आपण हा प्रसंग अपमानाचा म्हणून वाचतो आणि तो आहेच. पण सरळ जेवणाचा प्रसंग म्हणूनही तो वाचा. अन्न आणि पाणी या दोन गोष्टी जात वेगवेगळ्या करू शकते, आणि केल्या की भरलेला डबाही कामाचा राहत नाही.

महाडला १९-२० मार्च १९२७ ला परिषद झाली तेव्हा प्रतिनिधींच्या पिण्याच्या पाण्यासाठी चाळीस रुपये मोजून सवर्णांकडून पाणी विकत घ्यावं लागलं होतं. त्याच भाषणात बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागून खाणं सोडा असं सांगितलं. म्हणजे पाणी घ्यायला जाण्याआधी त्यांनी ताटाकडे बोट दाखवलं होतं. चवदार तळ्यावर पाणी प्यालं गेलं. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि मंडपावर हल्ला झाला. तेव्हा बरेच लोक जेवत होते. हल्लेखोरांनी माणसं मारली आणि अन्न मातीत मिसळलं. भांडी ठोकरली. हे जाणूनबुजून केलेलं काम होतं. स्वतःचं शिजवून, एकत्र बसून, ताठ मानेनं जेवणारा अस्पृश्य ही तळ्यावर आलेल्या अस्पृश्याइतकीच सहन न होणारी गोष्ट होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषदेसाठी लोक परत आले तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी सामान द्यायचं नाकारलं. धान्यधुन्य बाहेरून आणावं लागलं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली, पण त्याआधी चूल पेटवायची सोय करावी लागली होती. ती कोणी केली, कोणत्या बायकांनी किती भात शिजवला, हे आपल्या इतिहासात फारसं लिहिलेलं नाही.

हे कोकणातलं झालं. आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इकडं बाबासाहेबांच्या विचाराचं वारं जरा उशिरा पोचलं, पण पोचलं. २२-२३ फेब्रुवारी १९४१ ला उस्मानाबाद जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब तिला हजर होते. वतन म्हणजे काय? गावाची कामं करायची आणि बदल्यात बलुतं, उष्टं, मेलेलं ढोर. ज्यांनी ते सोडलं त्यांच्या घरात पहिली काही वर्षं भूक वाढली, कमी नाही झाली. आमच्या आजोबांच्या पिढीनं पंगतीचा भात आणणं बंद केलं. बंद केला म्हणजे तो ताटातून गेला, त्याच्या जागी दुसरा आला नाही. आजीचं वाक्य त्यानंतर अर्धंच उरलं. भात फक्त तापाचा.

मग १९७२. 'रुचिरा' येऊन दोन वर्षं झाली होती. मराठवाड्यात विहिरी आटल्या होत्या, लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते, कामावर सुकडी मिळत होती आणि रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो. त्या मिलोची भाकरी थापताना तुटायची, असं त्या पिढीतली प्रत्येक बाई सांगते. त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, आपल्याच परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दोन बौद्ध स्त्रियांना विवस्त्र करून मारलं गेलं. ही बातमी आणि पुणे जिल्ह्यातल्या बावड्याच्या बहिष्काराची बातमी मुंबईतल्या तरुणांपर्यंत गेली आणि २९ मे १९७२ ला दलित पँथर उभी राहिली. पँथरच्या स्थापनेबद्दल बोलताना आपण कवितेबद्दल, मोर्च्याबद्दल बोलतो. मूळ गोष्ट घागरभर पाण्याची होती. त्या पाण्यानं कोणाच्या तरी घरी चूल पेटणार होती.

आमच्या वस्तीत भात नेमानं शिजायला लागला तो रेशनमुळं. हे मान्य करायला लाज वाटायचं कारण नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य हक्काचं झालं, अंत्योदय कार्डाला महिन्याला पस्तीस किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. काही लोक याला 'फुकटचं' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतलेल्यांच्या नातवंडांना ते असं म्हणतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही की येऊनही म्हणतात, हा वेगळा विषय.

एक कामाची गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण वस्तीत फिरताना रोज ऐकतो. रेशनच्या तांदळात थोडे वेगळे, पिवळसर दाणे दिसतात, धुताना पाण्यावर तरंगतात. लोक 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून ते वेचून फेकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून बनवलेले दाणे आहेत. ते फेकू नका, आणि धुतल्यावर तरंगणारे पाण्याबरोबर ओतून देऊ नका. ज्या घरात बाळंतीण आहे तिथं तर मुळीच नको.

या तांदळाचा मसालेभात आमच्या घरी असा होतो. तांदूळ निवडून, धुऊन निथळत ठेवायचा. पातेल्यात दोन पळ्या तेल, जिरं-मोहरी, एखादं तमालपत्र, दोन लवंगा. उभा चिरलेला कांदा चांगला लाल होऊ द्यायचा. मग ठेचलेलं लसूण-आलं आणि मूठभर कच्चे शेंगदाणे. काजू नाही, शेंगदाणे, आणि ते भातात शिजून मऊ झाले की जी चव येते ती काजूला येत नाही. बटाटा, टोमॅटो, हिवाळ्यात वाटाणा, आणि गेल्या वीसेक वर्षांत सोयाबीनच्या वड्या. हळद, घरचा काळा मसाला, आणि शेवटी चमचाभर येसूर. येसूर म्हणजे ज्वारी किंवा बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे, जिरं असं भाजून दळून ठेवलेलं पीठ-मसाला. मटणाच्या रश्श्याला दाटपणा यावा म्हणून ते टाकतात. मसाला महाग आणि तोंडं जास्त, म्हणून मसाल्यात धान्य मिसळून तो पुरवायचा, ही आमच्या बायकांची अक्कल. भातात घातलं की भात थोडा चिकट होतो, मोकळा-फडफडीत राहत नाही. व्हिडिओवाल्या ताई याला बिघडला म्हणतील. आमच्याकडं असाच लागतो. मग तांदूळ परतायचा, दोन वाट्यांना पाच वाट्या उकळतं पाणी, मीठ, झाकण, मंद जाळ. गोडा मसाला नाही, गूळ नाही, खोबरं नाही. सोबत कांदा आणि लिंबू.

आमच्या आईला हे कोणी शिकवलं? कोणत्या पुस्तकानं नाही. गावातल्या मुस्लिम शेजारणीनं. निजामी मुलखात मुस्लिम घरांतून तहरी होत असे आणि होते, मसाला घालून पिवळा केलेला भात, बटाट्याचा किंवा मटणाचा. लग्नाला, उरुसाला दालचा-खाना. त्या घरांत आमच्या बायकांना ओसरीवर बसून, त्याच ताटलीत खायला मिळायचं. मराठवाड्यातल्या आमच्या मसालेभाताची वाट पुण्याच्या पंगतीतून आलेली नाही, ती तहरीच्या पातेल्यातून आली आहे, असं आमचं मत आहे. निदान आमच्या घरापुरतं तरी आम्ही ते खात्रीनं सांगू. हैदराबाद संस्थानाचा इतिहास रझाकारांवर सुरू होऊन रझाकारांवरच संपवणाऱ्यांनी ही ओसरीही मोजावी.

आता दुसरं पातेलं, शाळेचं. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. आमच्यातले काहीजण पिशवी घेऊन त्या रांगेत उभे राहिलेले आहेत. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कच्चं धान्य नाही, शिजवलेलं जेवण द्या. आणि २० एप्रिल २००४ च्या आदेशात त्याच न्यायालयानं आणखी एक गोष्ट सांगितली, जी आपल्या कार्यकर्त्यांनाही पुरेशी माहीत नाही. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या. आमच्या मते तो आदेश काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या ओळीत बसवावा असा आहे. देवळात अस्पृश्य आत गेला तर देव बाटतो म्हणत. इथं अस्पृश्य बाईच्या हातचं रोज दुपारी गावाच्या लेकरांच्या पोटात जाणार होतं.

म्हणूनच भांडण इथं पेटतं. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या सूखीढांगच्या शाळेत डिसेंबर २०२१ मध्ये सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचं खायला नकार दिला, तिला काढलं गेलं. मग दलित मुलांनी तिच्या जागी आलेल्या सवर्ण बाईच्या हातचं खायचं नाकारलं. शेवटी पहिलीला परत घ्यावं लागलं. ते दूरचं. आम्ही काम करतो त्या भागातल्या एका शाळेत, गावाचं नाव देत नाही, एका बौद्ध ताईला पातेलं मिळालं. पहिल्या आठवड्यात काही मुलं घरून डबा आणायला लागली. विचारलं तर म्हणत, "पोट दुखतं." कोणी जातीचा शब्द काढला नाही. मग 'समजुतीनं' असं ठरलं की ताईंनी भांडी घासावीत, तांदूळ निवडावा, आणि फोडणी दुसऱ्या बाईनं द्यावी. तांदूळ तिच्या हाताचा चालला, पाणीही चाललं, चमचा फिरवलेला चालला नाही. आम्ही आदेशाची प्रत घेऊन गेलो. लेखी मागितलं की कामाची वाटणी कोणी, कोणत्या कारणानं केली. लिहून द्यायला कोणी तयार झालं नाही, आणि तीन महिन्यांनी पळी ताईंच्या हातात परत आली. पहिलीची पोरं पहिल्याच दिवशी जेवली. सातवीतली दोन मुलं शाळा सोडेपर्यंत डबा आणत होती. आम्ही ही लढाई जिंकली असं म्हणत नाही. ती दोन मुलं आता मतदार आहेत.

११ जून २०२४ च्या शासन निर्णयात शाळेच्या आहारात जे पंधरा पदार्थ सांगितले त्यात मसालेभात नावानिशी आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे. याच यादीत अंडा पुलावही होता, कारण २०२३ च्या शेवटी सरकारनं आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी थांबवला. अंडं द्यायचं असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. मसालेभात राहिला, अंडं गेलं. शाकाहाराच्या दबावाला बळी पडणारी ही पहिली वेळ नाही. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचं मूळ गोमांसाच्या प्रश्नात शोधलं होतं, म्हणजे ताटात काय आहे यावरून माणसाची जागा ठरवायच्या व्यवस्थेत. आपल्या वस्तीतल्या मुलाला घरी अंडं मिळतंच असं नाही. शाळेत मिळत होतं.

तिसरं पातेलं जयंतीचं. चौदा एप्रिलला भोजनदानात मसालेभात असतो, आणि दरवर्षी आमच्या बैठकीत तोच वाद होतो. तरुण म्हणतात, शाकाहारी का? हे ब्राह्मणी सोवळंच आपण पाळतोय. बिर्याणी करा. मोठी माणसं म्हणतात, सगळ्या गावाला बोलवायचं तर शाकाहारीच बरं. आमचं मत असं की दोघांची कारणं चुकीची आहेत. पन्नास किलो तांदूळ शिजवला तर साधारण चारशे-पाचशे माणसं जेवतात, आणि वर्गणीतून तो खर्च भागतो. एप्रिलच्या परभणीच्या उन्हात मटण तीन तास उघड्यावर ठेवता येत नाही. म्हणून मसालेभात. हे हिशेबाचं आणि हवामानाचं कारण आहे, ते तसंच सांगावं. 'आमची जयंती कशी शुद्ध शाकाहारी' असं मिरवायला लागलो की मग पुढच्या वर्षी कोणीतरी कांदा-लसूणही काढायला सांगेल.

आणि गाव येतं का? येतं. अलीकडं बरेच येतात, पुढारी तर आधी येतात, फोटो काढून जातात. सहभोजनं मराठी माणसाला नवी नाहीत. रत्नागिरीत सावरकरांनी केली, अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची चळवळ केली. बाबासाहेबांनी त्या काळातच, १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त, लिहिलं की सहभोजनानं जात मरत नाही. एकत्र जेवणाऱ्या जाती आहेत आणि तरी त्या जातीच आहेत, खरा उपाय आंतरजातीय विवाह. आम्ही हे दहादा वाचलं आहे, विद्यापीठाच्या पेपरात लिहिलंही आहे. गावात राहून त्यात एक पायरी दिसते. चौकातल्या पातेल्यातलं खाणं वेगळं आणि घराच्या चुलीवरचं खाणं वेगळं. चौकातलं खाल्लं तर मोठेपणा मिळतो. घरातलं खाल्लं तर फक्त भात मिळतो.

आमच्यासोबत दहावीपर्यंत एका बाकावर बसलेला मित्र आहे, मराठा, चांगला माणूस. रक्तदान शिबिराला येतो, जयंतीच्या वर्गणीत पैसे देतो, भोजनदानाच्या रांगेत उभा राहून दोनदा भात घेतो. घरी बोलावलं की कधी सोमवार असतो, कधी चतुर्थी, कधी 'आत्ताच जेवून निघालो'. बारा वर्षं झाली. त्याला वाईट म्हणावंसं वाटत नाही आणि सोडून द्यावंसंही वाटत नाही. मागच्या दिवाळीनंतर तो उंबऱ्याच्या आत येऊन बसला, चहा घेतला. चुलीवर भात होता. आईनं ताटली पुढं केली तेव्हा त्यानं दोन घास खाल्ले आणि विचारलं, "काकू, हा असा दाट कशानं होतो?" आईनं येसूर दाखवला. घेऊन जा म्हणाली, कागदात बांधूनही दिला. तो घेऊन गेला. त्याच्या घरी पोचला की वाटेत टाकला, आम्ही विचारलेलं नाही.